पीठमीठ

थर्सोच्या पश्चिमेला डांबर संपतं तिथे गाडी लावायची,
मेंढ्यांच्या फाटकाची साखळी काढायची,
आठवणीनं परत घालायची,
आणि मग पायांकडे बघत चालायचं.
समुद्र कुणीही बघतो, म्हणाली डोलिना मकाय.

दर महिन्याला तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या
मी मोजून देतो,
तेवढ्यावरून तिनं ठरवलं की मोजणं मला जमतं.
काउंटरवर टेकून एवढंच विचारलं होतं,
"गुडघे कसे आहेत तुझे?"

इथे झाड नाही. वारा होऊ देत नाही.
जे काही आहे ते घोट्याखाली:
खुरटं गवत, शेवाळ, मेंढ्यांच्या लेंड्या,
आणि डोळे जमिनीला सरावले की
अचानक
ती.

चार आण्याच्या नाण्यावर मावेल असा पानांचा फेर,
बोटाच्या दोन पेरांएवढा दांडा,
त्यावर पाच पाकळ्या जांभळ्या, टोकाला खाच,
मधोमध हळदीचा ठिपका.
मी म्हटलं, एवढीशी?
"मोठी असती तर वाऱ्यानं नेली असती," डोलिना म्हणाली,
जशी काही ती स्वतः पाच फुटांच्या वर गेली नाही
त्याचंही तेच कारण.

मग तिनं खिशातून काडेपेटी काढली,
एका काडीनं पान अलगद उचलून दाखवलं.
पाठ पांढरी.
भाकरी थापून झाल्यावर परातीत उरतं
तसं पीठ.
वरून लाटांचं मीठ रोज उडतं,
खालून हिचं स्वतःचं पीठ,
एवढ्यावर हिचा संसार. जगात
फक्त या उत्तरेच्या काठावर.

हिच्या इतर बहिणींत दोन तऱ्हेची फुलं असतात,
एकीला दुसरीची गरज लागते.
हिला नाही लागत. माशी आली तर आली,
नाही आली तर हिचं बी हीच धरते.
डोलिनानं लग्न केलेलं नाही.
मी समजूतदारपणे मान हलवली
तेव्हा ती जरा रागानंच म्हणाली,
"मी फुलाबद्दल बोलतेय."

गवत वीतभर वाढलं की ही गुदमरते.
मेंढ्यांनी चरावं, पण हावरेपणानं नाही;
तुडवावं, पण चिखल होईस्तोवर नाही.
मी तिला पाटणच्या वरचा आमचा सडा सांगितला:
फुलं जपायची म्हणून कुंपण घातलं, गुरं थांबवली,
तिसऱ्या वर्षी नुसतं गवत.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "माणसं सगळीकडे हुशार."
सड्याच्या बदल्यात तिनं मला
वाळूवरच्या कुरणाचा तिच्या भाषेतला शब्द दिला, माखर.
मी मखर ऐकलं.
घशातला ख मला पहिल्या फटक्यात आला
याचं तिला फार कौतुक.

लाकडी चौकट, मीटर बाय मीटर,
तिच्या वडिलांनी होडीच्या फळीतून केलेली.
वही सत्त्याऐंशी सालापासूनची.
चौसष्ट, अठ्ठावन्न, एका साली नव्वद,
गेल्या साली एकेचाळीस.
मी गुडघे टेकले. ओल पँटमधून आत आली.
एक, दोन, तीन,
इंग्रजीत औषधं मोजता येतात मला,
फुलं नाही आली.
"तेवीस!" मी ओरडलो.
वाऱ्यातून ती म्हणाली, "काय?"
"ट्वेंटी थ्री."
पेन्सिल थांबली. मग लिहिलं तिनं,
आणि बाजूला: दुसऱ्याच्या नजरेनं.

तरी तिला राहवलं नाही.
मला उठवून ती स्वतः वाकली,
ओठ हलवत, एकेक बोट लावत.
"चोवीस."
चोविसावं माझ्या गुडघ्याखाली होतं.

दांडा आडवा, फूल तिरकं,
हळदीचा ठिपका आभाळाकडे.
मी बोट पुढे केलं तर तिनं हातावर चापट दिली.
"राहू दे. वारा उचलेल, नाही तर नाही.
पुन्हा फुलते ती उन्हाळा सरताना.
जुलैत ये," ती चौकट बगलेत मारत म्हणाली,
"जुनी पँट घालून."